सहाची प्लाय, साडेपाचची खाच

६ ऑगस्ट

चिरंजीव वगैरे काही लिहीत नाही. तेवढं वाचूनच फाडशील आणि पुढचं कामाचं राहून जाईल. काम आहे म्हणून लिहिते. फोन तू चौदा वर्षांत उचललेला नाहीस. माझी शाळा तिसरीतच संपली, तेव्हा चुका काढत बसू नकोस. पत्ता मावशीकडून घेतला. ती देत नव्हती. म्हटलं, तू माझी बहीण की त्याची?

काम असं आहे. एका शाळेच्या वाचनालयाची चाळीस कपाटं मिळालीत. दारं पॅनेलची. लाकडाची चौकट आणि मधे सहा मिलिमीटरची प्लाय. म्हणजे चौकटीच्या पट्ट्यांना आतल्या कडेने खाच पाडायची आणि प्लाय तिच्यात बसवायची. ऐंशी दारं, एकेकाला चार पट्ट्या. मशीन तेच, टेबलातून दांडा वर आलेलं, तुझ्या बाबांनी आणलेलं स्पिंडल. ते गेल्यापासून मी एकटीच चालवते. पण आता चौऱ्याहत्तर झाली, गुडघे उभं राहू देत नाहीत. म्हणून एक नवं माणूस कामाला घेतलंय. हुशार आहे, तोंडाळ आहे, चहा फार पितं. पुढल्या महिन्यात मशीनवर उभं राहील.

खाच पाडायला आपल्याकडे दांड्यावर बसणारा तो जुना लोखंडी ठोकळाच आहे. तोच. दोन सुटी पाती, बोल्टांनी आवळलेली. नव्या माणसाने तो हातात घेतला, वरून खालून पाहिला आणि विचारलं, "आजी, हे पातं सुटलं तर जाईल कुठे?" मी म्हटलं, "पन्नास वर्षांत सुटलं नाही." तर म्हणतं, "मग आता कंटाळलं असेल."

म्हणून धारवाल्याकडे गेले. तुला आठवत असेल, पाती घासून द्यायचा तो. आता मोठं दुकान केलंय, खुर्चीत बसून घासतो. त्याने तीन प्रकार काढून ठेवले. एक तिरकी करवत: मुद्दाम वाकडी बसवलेली, डुलत फिरते आणि रुंद खाच पाडते. दारू पिऊन नाचणाऱ्यासारखी दिसते. दुसरा एकसंध कटर, सहाचाच, दात कायमचे बसवलेले. तिसरा दोन फाकांचा. फाका एकमेकींत गुंततात, मधे पातळ चकत्या घालून रुंदी कमीजास्त करता येते. तो म्हणाला, "आजी, तिसरा घ्या, आयुष्यभर जाईल." मी म्हटलं, "माझं की त्याचं?"

त्याच्यावर माझा भरवसा नाही. तू कटरच्या कारखान्यात आहेस. तुला यातलं इतरांहून जास्त कळतं. का कळतं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. त्या माणसाची दहाच्या दहा बोटं जागेवर राहिली पाहिजेत, मला एवढंच पाहिजे. कुठला घेऊ ते कळव.

आई


१७ ऑगस्ट

तुझं कार्ड आलं. "ठोकळा भंगारात घाल. दांडा किती जाड, फेरे किती, लाकूड हाताने सरकवणार की रोलरने, आणि चालवणार कोण?" चार प्रश्न, नमस्कार एकही नाही. कुणावर गेलायस ते दिसतंच आहे.

अक्षर मी ओळखलं नाही. कारखान्यातल्या कारकुनाचं असेल असं वाटलं. कार्ड फळीवर ठेवलं, भाजी चिरायला बसले, आणि अर्धी चिरल्यावर लक्षात आलं की हे डाव्या हाताचं आहे.

तर उत्तरं. दांडा तीसचा. फेरे मला माहीत नव्हते, मशीनवरची पट्टी घासून गुळगुळीत झालीय. नव्या माणसाने सगळ्या पुल्या मोजल्या, कागदावर काहीतरी मांडलं आणि सांगितलं, मधल्या पुलीवर सहा हजार, वरच्या पुलीवर साडेआठ. मी आजवर "हळू" आणि "जोरात" एवढंच म्हणत आले. लाकूड हाताने सरकवणार. रोलर आपल्याकडे नाही, आपल्याकडे होते तेवढे हातच. चालवणार माणूस, भूत नाही.

आणखी एक भानगड. प्लाय आली. सहाची म्हणून आणली, त्या माणसाने व्हर्नियर लावला तर साडेपाच भरली. मी म्हटलं, नीट धर. पुन्हा साडेपाच. दुसरी फळी, तीही साडेपाच. प्लायवाल्याला फोन केला तर म्हणतो, "आजी, सहाची प्लाय साडेपाचचीच असते." म्हटलं, "मग साडेपाचची कितीची असते?" त्याने फोन ठेवला. तुझ्या बाबांच्या वेळी सहा म्हणजे सहा असायचे. आपला ठोकळा दोन सुताची, सहाहून थोडी जास्तच खाच पाडतो, म्हणजे त्यात ही प्लाय खडखड वाजणार, आणि शाळेतली पोरं दारं आपटून वाजवायलाच बसलेली असतात.

ठोकळा भंगारात घातलेला नाही. पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप लावलंय. किल्ली माझ्याकडे आहे. आता तू विचारशील भंगारात का नाही. टाकीन.

लवकर कळव. पट्ट्या रंधा मारून तयार पडल्यात आणि ते माणूस रोज येऊन मशीनवर हात फिरवतं. मला ते बघवत नाही. घरात जाऊन बसते, बसवत नाही, पुन्हा बाहेर येते.

आई


२८ ऑगस्ट

दोन पानी पत्र तीन दिवसांत वाचून काढलं. कळलं ते असं, चुकलं असेल तर सांग.

तिरकी करवत नको, कारण ती डुलते आणि खाचेचा तळ सपाट येत नाही, पोटाला गोलाई राहते. एकसंध कटर नको, कारण प्लाय आज साडेपाच, उद्या पाच. दोन फाकांचाच घ्यायचा, चारपासून साडेसातपर्यंत जाणारा. पण तोही कुठलाही नाही. त्याच्यावर हाताने लाकूड सरकवायला चालेल अशी खूण कोरलेली पाहिजे, आणि जास्तीत जास्त फेरे किती तेही. कटरचं पोट दातांच्या जवळजवळ बरोबरीचं पाहिजे, दात त्याच्या बाहेर मिलिमीटरभरच. म्हणजे चुकून लाकूड ओढलं गेलं तरी एका वेळी मोठा घास घेता येत नाही. आणि दोन्ही बाजूंना छोटे दात वेगळे पाहिजेत, ते आडव्या पट्टीच्या टोकाला रेषा आधी कापून घेतात, म्हणजे कड उपसत नाही.

हे मी धारवाल्याला वाचून दाखवलं. तो खुर्चीतून उठला. म्हणाला, "लिहिणारा कोण?" मी म्हटलं, "आहे एक." त्याच्याकडचा तिसरा कटर काढला, तर पोट बारीक आणि दात लांब लांब. हाताची खूणही नव्हती. तोच मला आयुष्यभरासाठी देत होता. ठेव म्हटलं तुझ्याकडेच, उशाला घेऊन झोप.

आता पत्राच्या खालची ओळ. "चालवणार कोण ते तू टाळलंस. तू टाळतेस तेव्हा काहीतरी असतं. त्या मशीनवर कुणाचं पोर ठेवू नकोस."

ठेवलंय. तुझंच.

मार्चपासून तुझी खुंटी माझ्याकडे आहे. तुम्हाला नवरा-बायकोला वाटतं ती कुठल्यातरी ऑफिसात फर्निचरची ड्रॉइंगं काढते. तिने मला शपथ घातली होती, मी शपथ वगैरे मानत नाही, पण बोलले नाही. पाठीला पिशवी लावून फाटकात उभी राहिली. नाकावरून ओळखली. म्हटलं, "तुझ्या बापाला ठाऊक आहे?" म्हणाली, "तुम्ही दोघं बोलत नाही, मग कळणार कसं?" मग म्हणाली, कपाट कागदावर काढून काढून कंटाळले, ते होतं कसं ते बघायचंय. मी म्हटलं, दोन दिवसांत पळशील. सव्वीस वर्षांची घोडी, पाच महिन्यांत रंधा, करवत, बांधणी सगळं शिकली. सांधे माझ्यापेक्षा घट्ट बसवते. हे तिला सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

ती इथून जायची नाही. मी काढायची नाही. आता तुला जे करायचं ते कर, पण कटर कुठे मिळेल ते आधी कळव.

आई


७ सप्टेंबर

तुझं पत्र काल आलं. कटरचं एक अक्षर नाही. "तिला आठ दिवसांत परत पाठव, नाहीतर मी येऊन घेऊन जातो." आणि त्याखाली: "बेसावधपणा आमच्या रक्तात आहे, हे तूच सगळ्या गावाला सांगितलंस. माझ्या एका चुकीत दोन बोटं आणि अर्धा तळवा गेला. तिच्या हाताला मी त्या मशीनजवळ जाऊ देणार नाही."

ही ओळ मी सकाळपासून किती वेळा वाचली ते मोजलं नाही. आता बसून लिहिते आणि लिहून झाल्यावर वाचणार नाही, म्हणजे खोडता येणार नाही.

आधी गेल्या गुरुवारचं. तुझं उत्तर यायच्या आत मी पेटीतला ठोकळा काढला होता. होय, काढला. पट्ट्या पडून होत्या, मला राहवलं नाही, म्हटलं प्लाय वाजली तर वाजू दे, थोड्या आपणच करून टाकाव्यात. खुंटी गोंद आणायला गेली होती. पाच-सहा पट्ट्यांच्या लाकडाची रेषा उलटी होती. अशा पट्टीला नेहमीच्या बाजूने खाच पाडली की कड उपसून येते, तुला माहीत आहे. मग मी काय करते तेही तुला माहीत आहे: ठोकळा काढून उपडा बसवायचा, स्विच उलट्या बाजूला टाकायचा आणि पट्टी उजवीकडून न देता डावीकडून द्यायची. तसं केलं. पट्ट्या छान निघाल्या. मग दूधवाला आला, गेले. परत आले तर खुंटी मशीनपाशी. मला वाटलं, ही आता पट्टी उचलणार. तिने नाही उचलली. लाकडाशिवाय मशीन क्षणभर चालू केलं, बंद केलं, वाकून दांडा कुठल्या बाजूने फिरत थांबतोय ते पाहिलं आणि म्हणाली, "आजी, हे उलटं फिरतंय."

ती हे रोज करते. तिला कुणी शिकवलेलं नाही.

मी खाली बसले. ती म्हणाली, "चक्कर आली का?" मी म्हटलं, "गुडघा." मग तिने विचारलं, "आजी, बाबांना इतकी माहिती, इतके काटेकोर ते, दाढीसुद्धा एकाच बाजूने सुरू करतात. ते चुकीच्या बाजूने लाकूड देतीलच कसे?" मी म्हटलं, "मला काय माहीत."

मला माहीत आहे.

त्या दिवशी पहाटे मी खिडक्यांच्या चौकटी घेऊन उभी होते. त्यातल्या सहांची रेषा उलटी. ठोकळा उपडा केला, स्विच उलटा टाकला, सहा केल्या. तुझ्या बाबांचा नियम होता, उलटं काम झालं की आधी स्विच सरळ, मग पाण्याचा घोट. तेवढ्यात लाकडाचा ट्रक आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी तशीच गेले आणि ओल्या फळ्या पाठवल्या म्हणून त्याच्याशी भांडत बसले. तू आलास. तू रोज उभा राहायचास तिथेच उभा राहिलास, रोज द्यायचास त्याच बाजूने पट्टी दिलीस. स्विच उलटा असेल असं तुला वाटायचं काही कारणच नव्हतं, ते फक्त मी करायचे, तू उठायच्या आत, आणि लगेच सरळ करून ठेवायचे. कटर समोरून आला की लाकूड हाताला मागे रेटतं. उलटा फिरत होता म्हणून त्याने ते ओढलं, आणि लाकडामागे हात गेला. पट्टी भिंतीवर आपटल्याचा आवाज मी फाटकात ऐकला. तुझा त्याच्यानंतर.

बाबांनी तुला त्याच ट्रकमध्ये घातलं आणि नेलं. मी गेले नाही. तुला वाटलं असेल मला रक्त बघवलं नाही. मी कारखान्यात एकटी होते. स्विच पाहिला. मग पाना घेतला, नट सोडला, ठोकळा सुलटा करून बसवला, नट आवळला, स्विच सरळ केला. त्याच्यानंतर जमीन पुसली.

संध्याकाळी बाबा आले. हातपाय न धुता मशीनपाशी गेले. सगळं पाहिलं. म्हणाले, "मशीन बरोबर आहे. पोराने उलट्या बाजूने दिलं असणार." मी म्हटलं, "लक्ष नव्हतं त्याचं."

तेवढेच तीन शब्द. पुढे येईल त्याला तेच सांगत गेले. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून तुलाही सांगितलं. तू म्हणालास, "असेल." मला वाटलं होतं तू भांडशील. भांडला असतास तर कदाचित बोलले असते. आता हेही तुझ्यावरच ढकलतेय, बघ.

का केलं, तर बाबांनी मला पहिल्यांदा मशीनवर उभं केलं तेव्हा धारवाल्याचा बाप हसून म्हणाला होता, "बाईच्या हातात स्पिंडल म्हणजे माकडाच्या हातात वस्तरा." बाबांनी त्याला हाकललं. मग पस्तीस वर्षं कुणी हसलं नाही. त्या सकाळी वाटलं, आता हसतील, आणि मशीन माझ्याकडून काढून घेतील. तुझा हात गेला होता आणि मला माझ्या मशीनचं पडलं होतं. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले, तुझं लक्ष नव्हतं असं धरूनच गेले. तू आलास, फाटकाबाहेर उभा राहिलास आणि तसाच गेलास. तेव्हाही बोलता आलं असतं.

तर रक्ताबिक्तात काही नाही. तुझं लक्ष होतं. खुंटीचं आहे, ते तुझ्याकडून आलंय. तिला घेऊन जायचं असेल तर माझ्यापासून ने, मशीनपासून नको.

आई


२९ सप्टेंबर

हे पत्र तू मागितलेलं नाहीस. तरी घडलं ते कळायला हवं.

मागचं पत्र पाकिटात घालून मी खुंटीला सगळं सांगितलं. ती पट्टीला पॉलिशपेपर मारत होती. थांबली नाही, मारतच राहिली, पट्टी पातळ होईल म्हणून मी म्हटलं बस कर. तेव्हा म्हणाली, "बाबांना सांगितलंस?" "पत्र लिहिलंय." "लिहिलंयस की टाकलंयस?" "टाकणार आहे." तिने हात झटकले, चपला घातल्या, "चल." टपालाचा डबा येईपर्यंत माझ्याबरोबर चालत आली आणि पाकीट आत पडल्यावर डब्यावर दोनदा थाप मारून पाहिलं. मग चार दिवस नुसतं जेवण वाढायची, ताट सरकवायची. पाचव्या दिवशी वायरमन आणला आणि स्विचची उलटी बाजू काढून टाकली. आता मशीन एकाच बाजूने फिरतं. मी म्हटलं, "उलट्या रेषेच्या पट्ट्यांचं काय करशील?" म्हणाली, "दुसरी पट्टी निवडीन." पन्नास वर्षांत हे मला सुचलं नाही.

ठोकळा तिने माझ्यादेखत भंगारवाल्याला दिला. त्याने वजन केलं आणि फेकला.

तुझं पार्सल सोमवारी आलं. तिच्या नावाने. माझ्या नावाने काही नव्हतं, कागद उलटसुलट करून पाहिला. कटर बघितला मी, लांबून. दोन फाका, पोट भरलेलं, दात जेमतेम डोकावणारे, हाताची खूण, फिरण्याचा बाण. चकत्या सहा, एकेका पुडीवर जाडी लिहिलेली, तुझ्याच हाताने. तुझं तिला लिहिलेलं पत्र तिने मोठ्याने वाचलं. मधली पुली, वरची कधीच नाही. हात ढकलकाठीच्या मागे. चकती बदलली की नट पुन्हा तपास. अशी अकरा कलमं. अकरावं वाचताना ती थांबली. मी म्हटलं, वाच. "आजीला मशीनपाशी येऊ देऊ नकोस. ती आत आली तर मेन बंद कर."

बरोबर लिहिलंस.

मेनच्या पेटीची किल्ली माझ्या गळ्यात असायची, तिला काढून दिली. तिने घेतली, "नको आजी" वगैरे म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं. दाराच्या चौकटीबाहेर स्टूल टाकून दिलं, तिथून दिसतं पण हात पोचत नाही. पहिली पट्टी तिने रद्दी लाकडाची घेतली. आवाज वेगळाच आहे या कटरचा, ठोकळा ओरडायचा, हा नुसता गुणगुणतो. पट्टी बाहेर आणून तिने प्लायचा तुकडा खाचेत घातला, उपडी केली, हलवली. पडला नाही. वाजलाही नाही. मग पट्टी माझ्या मांडीवर ठेवून आत गेली. आज दुपारपर्यंत बावीस दारांच्या पट्ट्या झाल्या. बोटं दहा आहेत, संध्याकाळी हात धुताना मी मोजते, तिला कळतं, ती मुद्दाम ती वर धरून दाखवते.

माझ्याकडे आता दिवस उरतो. बसवत नाही. म्हणून मी फिरते. पहिल्यांदा धारवाल्याकडे गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर सांगितलं, चौदा वर्षांपूर्वी माझ्या पोराचा हात माझ्या चुकीने गेला, मी स्विच उलटा ठेवला होता आणि नंतर लपवलं. तो म्हणाला, "आजी, आता कशाला?" मी म्हटलं, "तुझ्या बापाला सांगायचं होतं, तो मेला, म्हणून तुला." लाकूडवाल्याकडे गेले. तो ऐकत होता आणि फळ्या मोजत होता, त्याचं चुकलं, त्याने पहिल्यापासून मोजल्या. शेजारच्या मास्तरणीला सांगितलं, ती माझ्याशी बोलेनाशी झालीय. बाबांचा धाकटा भाऊ बहिरा झालाय, त्याला तीनदा ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे त्याच्या गल्लीतही वेगळं सांगायला नको.

मावशी तेवढी उरली. माझ्यानंतर तुझं लक्ष नसल्याची ती गोष्ट सगळ्यात जास्त तिनेच सांगितली, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, तुझ्या सासरीसुद्धा. उद्या पहिल्या गाडीने जाते. ती आधी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, मग रडेल, मग मला घराबाहेर काढेल. काढू दे. मग पायरीवर बसून पुन्हा सांगेन, तिच्या शेजारणींना ऐकू जाईल एवढ्याने.

आई